आहाराची रोजकीर्द

वाण्याचें देणें, दुधाचा रतीब, मुलांची फी, विजेचें बिल या सर्वांचा हिशेब ज्या घरांत पैपैनें लिहिला जातो, त्याच घरांत दिवसभरांत पोटांत काय गेलें याची नोंद मात्र सहसा कोणी ठेवीत नाहीं. गेलेला पैसा पुन्हा मिळवितां येतो. पण अंगावर चढलेली चरबी सावकारी व्याजाप्रमाणें निमूटपणें वाढत राहते आणि एके दिवशीं मधुमेह, रक्तदाब किंवा गुडघेदुखी यांच्या रूपानें वसुलीसाठीं दारांत उभी राहते. सातारा-सांगलीकडील आमच्या परिचयाच्या मंडळींत हा वसुलीदार ज्याच्याकडे आला नाहीं असें घर क्वचितच सांपडेल. म्हणून वजन उतरवूं पाहणाऱ्यानें रोजच्या जेवणाची आगाऊ आंखणी कशी करावी व त्याची नोंद कशी ठेवावी, याविषयीं चार गोष्टी वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मिताहाराचा विचार आपल्याकडे नवा नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत निंद्य मानलेल्या आठ प्रकारच्या शरीरांत अतिस्थूल व अतिकृश या दोहोंचीही गणना केली आहे. आणि विमानस्थानांत पोटाचे तीन भाग कल्पून एक घन अन्नास, एक द्रव पदार्थांस व एक वातपित्तकफांच्या संचारास मोकळा ठेवावा असें सांगितलें आहे. मात्रा आपल्या पूर्वजांस ठाऊक होती. मात्र ती तोलण्याचा भार त्यांनीं ज्याच्या त्याच्या विवेकावर सोंपविला होता. पुढें इटलींतील सांक्तोरिओ नांवाच्या वैद्यानें तराजूला टांगलेल्या खुर्चींत बसून आपलें वजन, खाल्लेलें अन्न व शरीराबाहेर गेलेला मळ हीं सर्व वर्षानुवर्षें तोललीं, आणि १६१४ मध्यें त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. विवेकाच्या जोडीला तराजू आला तो असा.

आपल्या भागांत मोजण्याची ही शिस्त व्यायामाच्या बाबतींत फार पूर्वींच रुजली. सातारा जिल्ह्यांतील औंध संस्थानचे अधिपति भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कारांचा प्रसार हें जीवितकार्य मानलें, संस्थानच्या शाळांतून ते सुरू केले, आणि १९३८ मध्यें त्या विषयावरील त्यांचें इंग्रजी पुस्तक लंडनहून प्रसिद्ध झालें. नमस्कार घालावयाचे ते नेमानें आणि मोजून. आजही अजिंक्यताऱ्यावर पहांटे चढणारे किंवा सांगलीच्या कृष्णाकांठीं फिरावयास जाणारे गृहस्थ आपलीं पावलें मनगटावरील घड्याळांत मोजतात. परंतु घरीं परतल्यावर किती पोळ्या खाल्ल्या हें त्यांस विचारावें तर ‘‘नेहमींच्याच’’ असें उत्तर मिळतें! तासभर चालण्यानें मध्यम बांध्याच्या मनुष्याचे साधारण २०० ते २५० उष्मांक खर्च होतात. तुपानें माखलेली एक पुरणपोळी ती सर्व मिळकत एका बैठकींत उडवूं शकते.

कोणी म्हणेल, ‘‘आम्ही दिसावयास बारीकच आहों, आम्हांस याची काय गरज?’’ त्यांनीं पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांची हकीकत ध्यानांत ठेवावी. त्यांचें व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचें छायाचित्र २००४ मध्यें ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें, म्हणजे दोघांचाही निर्देशांक २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरांत चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरांत २१.२ टक्के निघाली. अंगानें सडपातळ व आंतून मेदस्वी अशी आपल्या लोकांची प्रकृति असते. म्हणूनच भारतीयांसाठीं हा निर्देशांक २३ झाला कीं सावध व्हावें, आणि कमरेचा घेर पुरुषांनीं ९० सेंटिमीटरच्या व स्त्रियांनीं ८० सेंटिमीटरच्या आंत राखावा, असें आपल्याकडील वैद्यकतज्ज्ञांनीं २००९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या मतांत सांगितलें आहे.

आतां वही कशासाठीं, तर स्मरण हें मोठें पक्षपाती असतें म्हणून. ‘‘आम्ही अगदीं थोडें खातों, तरी वजन हटत नाहीं’’ असें सांगणाऱ्या कांहीं स्थूल व्यक्तींची न्यूयॉर्क येथें काटेकोर परीक्षा झाली. तिचे निष्कर्ष १९९२ मध्यें प्रसिद्ध झाले. त्यांनीं खाल्लेल्या अन्नापैकीं सरासरीनें ४७ टक्के नोंदींत उतरलेंच नव्हतें, आणि केलेले श्रम मात्र ५१ टक्क्यांनीं फुगवून सांगितले होते. हे लोक लबाड नव्हते. मनुष्यस्वभावच असा आहे. उलट अमेरिकेंतच सोळाशेंहून अधिक लोकांवर झालेल्या व २००८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, जे रोज नेमानें नोंद ठेवीत त्यांचें वजन नोंद न ठेवणाऱ्यांच्या सुमारें दुप्पट उतरल्याचें आढळलें. दोहोंचें तात्पर्य एकच: लिहावें, पण रात्रीं आठवून नव्हे, पान वाढून झालें कीं लगेच लिहावें, आणि मोजून लिहावें.

त्यासाठीं शाळकरी मुलाची रेघांची वही पुरे. हल्लीं भ्रमणध्वनीवर हा हिशेब करणारीं साधनें मिळतात. पण आपल्या घरची आमटी किती पातळ व पिठलें किती तेलाचें हें त्या यंत्रास काय ठाऊक? पहिला आठवडा कांहींच न बदलतां नुसतें लिहावें. घरांतील एक वाटी व एक चमचा मापाचा म्हणून ठरवावा. सप्ताह संपला कीं खर्चाच्या मोठ्या रकमा आपोआप डोळ्यांत भरतात. दिवसास चार कप चहा व प्रत्येकांत दोन चमचे साखर घेणाऱ्याच्या पोटांत ४० ग्रॅम साखर जाते. म्हणजे १६० उष्मांक, आणि महिन्यास १२०० ग्रॅम साखर! वस्तुतः २००० उष्मांकांच्या आहारांत वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आंत असावी.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ मध्यें आहाराचें जें मार्गदर्शन प्रसिद्ध केलें, त्यांत २००० उष्मांकांसाठीं दिवसाचें ताट आंखून दिलें आहे: धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४००, फळें १००, डाळी-कडधान्यें ८५, शेंगदाण्यासारखीं तेलबीं व सुका मेवा ३५, तेल-तूप २७ ग्रॅम आणि दूध ३०० मिलिलिटर. वजन उतरवूं पाहणाऱ्यानें यांतील धान्य व तेल उतरवावें, भाजी व डाळ उतरवूं नये. तेल मोजण्याची एक सोपी युक्ति अशी: प्रत्येक फोडणी मोजीत न बसतां तेलाचा डबा फोडल्याची तारीख त्यावरच लिहावी. वरील मानानें पांच लिटरचा डबा चार माणसांस सुमारें सहा आठवडे पुरला पाहिजे. तीन आठवड्यांत तळ दिसला तर दोष कुठें आहे तें निराळें सांगावयास नको.

‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण तर वहीच्या पानावर गणितानें सिद्ध होते. खिचडीच्या एका भरल्या ताटलींत ६० ग्रॅम साबुदाणा, ३० ग्रॅम दाण्याचें कूट व तीन चमचे तूप धरलें, तर ५०० हून अधिक उष्मांक होतात. तेंच १०० ग्रॅम जोंधळ्याच्या पिठाच्या भाकरींत सुमारें ३३५ असतात. माण, खटाव, जत, आटपाडी या आपल्याच कोरडवाहू तालुक्यांतील जोंधळा, हुलगा व मटकी यांस घरांत पुन्हा मानाचें स्थान दिलें, तर दूरदेशच्या महाग धान्यांच्या मागें लागण्याचें कारण उरत नाहीं.

परंतु या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. आमच्यासाठीं आणलेल्या वहीबरोबर आमच्या सौभाग्यवतींनींही एक वही घेतली. तिसऱ्या दिवसाच्या पानावर नातवानें टाकलेली अर्धी पोळी, पातेल्याच्या तळाची आमटी, आदल्या रात्रीचा भात व ‘‘नासून जाईल म्हणून’’ प्यालेलें वाटीभर दूध अशा नोंदी होत्या. त्या पानावर बसून खाल्लेलें जेवण एकच. बाकीचें सारें उभ्याउभ्यानें, घरचें अन्न वायां जाऊं नये म्हणून. सर्वांच्या मागून जेवणाऱ्या गृहिणीचें वजन वाढतें आणि वर तिलाच ‘‘जरा खाण्यावर ताबा ठेव’’ म्हणून ऐकावें लागतें, हा केवढा अन्याय आहे! वस्तुतः ती खात नसते, घराची उरवण निस्तरीत असते. यावर उपाय तिच्या संयमांत नसून घराच्या आंखणींत आहे. रविवारीं सायंकाळीं सर्वांनीं बसून आठवड्याचा बेत ठरवावा. कणीक व तांदूळ माणशीं मोजून घ्यावे. उरलेलें अन्न दुसऱ्या दिवसाच्या न्याहारींत आधींच धरावें. आणि तिनें सर्वांबरोबर पानावर बसावें. पथ्याचा स्वयंपाक वेगळा व इतरांचा वेगळा असा दुहेरी भार तिच्यावर टाकूं नये. ४०० ग्रॅम भाजी खावयाची असेल तर ती निवडावयास व चिरावयास घरांतील पुरुषांनींही विळी किंवा सुरी हातीं धरावी.

आज महाराष्ट्रांत डॉ. जगन्नाथ दीक्षित दोनच वेळां व प्रत्येकीं ५५ मिनिटांच्या आंत जेवावयास सांगतात, तर ऋजुता दिवेकर यांनीं थोडें थोडें पण अनेकदां खाण्याचा पुरस्कार केला आहे. कोणता मार्ग धरावा याचा वाद घालण्यापेक्षां स्वतःची वही पाहावी. आठवड्यांतून एकदां, सकाळीं अनशेपोटीं वजन करून तें समासांत लिहावें. आठवड्यास पाव ते अर्धा किलो उतरलें तरी पुष्कळ झालें. मधुमेहाचीं औषधें किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनीं मात्र जेवण कमी करण्यापूर्वीं डॉक्टरांस अवश्य विचारावें. साखर एकदम उतरल्यास जिवावर बेतूं शकतें. साठीपुढील मंडळींनीं डाळ-दूध तोडूं नये, नाहीं तर चरबीबरोबर स्नायूही झडतात.

शेवटीं जुन्या शिक्षकाच्या नात्यानें एवढेंच सांगणें आहे. वर्गाचा हजेरीपट मुलांस छडी मारण्यासाठीं नसतो. कोण आलें व कोण राहिलें हें कळावें यासाठीं असतो. लग्नाच्या पंगतींत दोन जिलब्या अधिक गेल्या तर त्याही सुवाच्य अक्षरांत लिहाव्या, आणि दुसऱ्या दिवशीं उपाशी न राहतां नेहमींचें पान वाढून घ्यावें. वाचकांपैकीं ज्यांस हें पटेल त्यांनीं एक नव्हे, दोन वह्या आणाव्या, आणि त्यांतील पहिली घरच्या गृहिणीच्या हातीं द्यावी, अशी आमची विनंति आहे.