तात्पुरता आसरा आणि आपण डॉक्टर

निराधार मूल म्हटले की आपल्या मनात प्रथम अनाथाश्रम येतो. वस्तुतः अशा मुलाची पहिली गरज असते ती काही दिवसांच्या सुरक्षित आसऱ्याची, आणि हा आसरा तात्पुरताच राहील हे पाहणाऱ्या व्यवस्थेची. बिट्टन मार्केट परिसरात हाट बाजाराची गर्दी असते आणि राणी कमलापती रेल्वे स्थानकही फार दूर नाही. येथे एकटे मूल कोणाच्याही दृष्टीस पडू शकते. ते आजारी वा जखमी असल्यास बहुधा प्रथम आपल्याच दवाखान्यात आणले जाते. म्हणून या विषयावर चार शब्द लिहावेसे वाटले.

२०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार असे मूल, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. हजर करू शकणाऱ्यांमध्ये पोलिसांबरोबरच डॉक्टर, परिचारिका व रुग्णालयाचे व्यवस्थापन यांचाही उल्लेख आहे. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेला १०९८ हा मदत क्रमांक आजही याच कामी येतो. समिती मुलाला बालगृहात, खुल्या निवारागृहात किंवा योग्य व्यक्तीकडे ठेवते. सहा वर्षांखालील टाकून दिलेली वा अनाथ बालके विशेष दत्तक संस्थेत जातात. सामाजिक चौकशी १५ दिवसांत आणि अंतिम आदेश चार महिन्यांत अपेक्षित असतो. पालक सापडल्यास व घर सुरक्षित असल्यास मूल घरी परतते.

आपल्या व्यवसायात एक मोह संभवतो. नको असलेले नवजात अर्भक दयाबुद्धीने एखाद्या निपुत्रिक दांपत्याच्या परस्पर स्वाधीन करावे, असे वाटते. हेतू चांगला असला तरी ते बेकायदेशीर आहे. मूल रीतसर सोपविणाऱ्या मातेस पुनर्विचारासाठी मिळणारे दोन महिने त्यात हिरावले जातात आणि मुलाची कायदेशीर ओळखही पुसली जाते. वयनिश्चितीबाबतही घाई नको: आधी शाळेचा दाखला, नंतर जन्मदाखला, हाडांची तपासणी ही दोन्ही नसतील तरच.

हा विचार आपल्याला परका नाही. १८६३ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढून संकटातील विधवांना व त्यांच्या अर्भकांना आसरा दिला. काशीबाई या विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंसमवेत रुग्णसेवेस उभा राहिला.

आपल्या प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर १०९८ हा क्रमांक लावावा आणि स्वागतकक्षातील कर्मचाऱ्यास तो केव्हा फिरवायचा हे समजावून सांगावे, एवढी माझी सर्व सभासदांना नम्र विनंती आहे.