मोठ्या पॅकेजची विभागणी
१९९३ साली सुरू झालेल्या डेबियन या लिनक्स वितरणात सॉफ्टवेअर ‘पॅकेज’च्या रूपाने, म्हणजे फायली आणि त्यांना लागणाऱ्या इतर घटकांची नोंद एकत्र बांधून दिले जाते, मात्र एकाच मूळ स्रोतातून अनेक पॅकेजे घडवण्याची पद्धत तेथे रूढ आहे. लिब्रेऑफिस या कार्यालयीन सॉफ्टवेअर-संचातील लेखनाचे रायटर, आकडेमोडीचे कॅल्क आणि मराठी भाषांतर ही स्वतंत्र पॅकेजे असल्यामुळे, ज्याला केवळ मराठीत पत्रे लिहायची आहेत त्याला सामायिक गाभा, रायटर आणि मराठी भाषांतर एवढेच पुरते, आणि इतर डझनावारी भाषांच्या फायली त्याच्या डिस्कवर येत नाहीत. प्रोग्रामरांनाच लागणाऱ्या हेडर फायली आणि विस्तृत दस्तऐवजही असेच वेगळे ठेवतात.

खरी कसोटी परस्परावलंबनाच्या नोंदींत लागते. ‘अनिवार्य’ घटकांबरोबरच ‘शिफारस’ केलेले घटकही ॲप्ट ही स्थापना-प्रणाली सहसा आपोआप उतरवते, त्यामुळे शिफारशी सढळ हाताने नोंदवल्या गेल्या, तर विभागणीने वाचवलेली जागा पुन्हा भरते. जुन्या, अल्प क्षमतेच्या संगणकांसाठी शिफारशी नोंदवण्यातला काटेकोरपणा फार मोलाचा आहे. अतिविभागणीही मात्र इष्ट नाही, कारण प्रत्येक तुकड्यागणिक पॅकेजांची सूची फुगते आणि नेमका कोणता तुकडा राहिला, हे शोधण्याचे ओझे वापरकर्त्यावर पडते.