लिनक्स, पेनड्राइव्हवरून चालणारी

संगणकातील हार्ड डिस्कवर काहीही न बसविता, यूएसबी खाचेत लावलेल्या पेनड्राइव्हवरून थेट सुरू होणाऱ्या लिनक्स परिचालन प्रणालीचे, विशेषतः लहान लॅपटॉपच्या संदर्भात, वर्णन या नोंदीत केले आहे. संगणक चालू केल्यापासून परिचालन प्रणाली त्याचा ताबा घेईपर्यंत जी क्रिया घडते तिला ‘बूट होणे’ म्हणतात. बुटाच्या बंदाला धरून स्वतःच स्वतःला उचलणे या अर्थाच्या इंग्रजी वाक्प्रचारावरून ही संज्ञा आली आहे व ती यथार्थ आहे. कारण डिस्कवरील आज्ञावली वाचण्यासाठी मुळात एखादी आज्ञावली आधी चालू असावी लागते. ही पहिली आज्ञावली मदरबोर्डवरील चिपमध्ये कायमची साठविलेली असते. जुन्या यंत्रांत तिला बायॉस व नव्या यंत्रांत यूईएफआय असे नाव आहे.

पूर्वपीठिका : ‘कर्नेल’ म्हणून ओळखला जाणारा लिनक्सचा गाभा लायनस टॉरव्हाल्ड्स यांनी हेलसिंकी विद्यापीठात विद्यार्थी असताना १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. संपूर्ण प्रणाली सीडीवरून चालविण्याची पद्धत क्लाउस क्नॉपर यांच्या ‘क्नॉपिक्स’ (२०००) या जर्मन संचामुळे रूढ झाली. ऑस्ट्रेलियातील बॅरी कॉलर यांच्या ‘पपी लिनक्स’ (२००३) या संचाने सर्व प्रणाली रॅममध्ये उतरवून घेण्याचा मार्ग लोकप्रिय केला. पेनड्राइव्हही २००० मध्येच बाजारात आले होते. तथापि त्यांवरून बूट करण्याची खरी निकड भासली ती सीडीची सोयच नसलेले छोटे लॅपटॉप आल्यानंतर. एसूस कंपनीच्या ‘ई पीसी ७०१’ (२००७) या यंत्राचा पडदा ७ इंची, रॅम ५१२ मेगाबाइट, फ्लॅश डिस्क ४ गीगाबाइट आणि वजन सु. ९२० ग्रॅ. होते. त्यात लिनक्सच भरलेली असे. परंतु ती अतिशय सोपी करून दिलेली होती व तिच्याऐवजी दुसरा संच घालावयाचा, तर बाहेरून सीडी यंत्र जोडणे किंवा पेनड्राइव्ह वापरणे, हेच मार्ग सुलभ होते. त्याच वर्षी रायगड जिल्ह्यातील खैराट येथील शाळेत ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ या योजनेचा भारतातील प्रायोगिक उपक्रम सुरू झाला. त्यात वापरलेले एक्सओ हे यंत्रही यूएसबीवरून बूट होऊ शके; मात्र चोरीला आळा बसावा म्हणून केलेल्या संरक्षणव्यवस्थेमुळे, अधिकृत सही नसलेली प्रणाली चालविण्यास खास किल्ली मागवावी लागे.

आरंभाची क्रिया : बायॉस पेनड्राइव्हचा केवळ पहिला, ५१२ बाइटांचा खंड वाचते. त्यापैकी ४४६ बाइट आज्ञावलीसाठी, ६४ बाइट विभागांच्या कोष्टकासाठी आणि शेवटचे २ बाइट ओळखखुणेसाठी असतात. एवढ्याशा जागेतील आज्ञावली आपल्याहून मोठ्या आज्ञावलीस, म्हणजे ‘सिसलिनक्स’ अथवा ‘ग्रब’ या बूटलोडरला, पाचारण करते आणि ती कर्नेल व एक लहानशी प्राथमिक फाइलप्रणाली रॅममध्ये आणून ठेवते. येथवर पेनड्राइव्ह वाचण्याचे काम बायॉसच करीत असते. कर्नेलने ताबा घेतला की बायॉसची ही मदत संपते. ज्या पेनड्राइव्हवरून आपण आलो, तो कोठे आहे हे कर्नेलला ठाऊक नसते. यूएसबी नियंत्रक शोधणे, त्यावरील साधनांनी आपली ओळख देईपर्यंत थांबणे आणि त्यांतून योग्य ते निवडणे, हे सर्व त्याला पहिल्यापासून करावे लागते. थोडक्यात, एकच पेनड्राइव्ह दोनदा सापडावा लागतो. कर्नेलच्या ओळी पडद्यावर सरकतात आणि मग मूळ फाइलप्रणाली मिळत नसल्याची तक्रार करून यंत्र थबकते, हा अनुभव पुष्कळांना येतो, तो या सांध्यावरच. अशा वेळी पेनड्राइव्ह खराब आहे असा निष्कर्ष काढण्यात येतो. तो बहुधा घाईचा असतो, कारण खराब पेनड्राइव्हवरून कर्नेल तरी कसे वाचले गेले असते? संथ पेनड्राइव्हसाठी काही सेकंद थांबण्याची सूचना कर्नेलला देणे किंवा दुसऱ्या खाचेत पेनड्राइव्ह लावणे, एवढ्याने काम भागते. डिस्कना मिळणारी नावे सापडण्याच्या क्रमानुसार बदलतात. म्हणून चांगले संच नावावर विसंबून न राहता विभागावर लिहिलेला ओळख-क्रमांक शोधतात.

पुढे मुख्य प्रणाली एका दाबून बसविलेल्या, केवळ वाचता येणाऱ्या फाइलीतून उलगडत जाते. या फाइलीसाठी वापरली जाणारी ‘स्क्वॉशएफएस’ ही रचना २००९ मध्ये कर्नेलमध्ये समाविष्ट झाली. तिच्यावर रॅममधील लिहिता येणारा थर पसरलेला असतो. वापरणाऱ्यास दोन्ही मिळून एकच फाइलप्रणाली दिसते, पण केलेले बदल वरच्या थरात राहतात व संगणक बंद होताच नाहीसे होतात. ते टिकवावयाचे असल्यास हा थर पेनड्राइव्हवरील वेगळ्या विभागात किंवा फाइलीत ठेवतात. ‘फॅट३२’ पद्धतीच्या विभागावर अशी फाइल ४ गीगाबाइटपेक्षा लहान असावी लागते. हार्ड डिस्कला मुळीच स्पर्श होत नाही, हे विधान मात्र अर्धसत्य आहे. काही संच डिस्कवरील स्वॅप विभाग आढळल्यास आपणहून वापरू लागतात.

पेनड्राइव्ह तयार करणे : उतरवून घेतलेली आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती नकलून चालत नाही; तिच्यातील खंड पहिल्या बाइटापासून जसेच्या तसे लिहावे लागतात. त्यासाठी लिनक्सवर ‘डीडी’ आणि विंडोजवर ‘रूफस’ ही साधने वापरतात. ‘डीडी’ला दिलेले डिस्कचे नाव चुकले, तर कोणताही प्रश्न न विचारता ते त्या डिस्कवरील मजकूर पुसून टाकते. घरातील छायाचित्रांची एकमेव प्रत त्या डिस्कवर असू शकते. म्हणून नावाबरोबर डिस्कची धारणक्षमताही पडताळून पाहणे इष्ट. बूट करताना ‘ई पीसी’वर एस्केप, तर एसरच्या ‘ॲस्पायर वन’वर एफ१२ ही कळ दाबून साधन निवडता येते.

मर्यादा : यूएसबी २.० चा कमाल वेग सेकंदाला ४८० मेगाबिट असला, तरी प्रत्यक्षात सेकंदाला सु. ३० मेगाबाइट मिळाले तरी ते समाधानकारक म्हणावे लागते. रॅम पुरेशी असल्यास संपूर्ण प्रणाली तिच्यात उतरवून घेणे सोयीचे. ७०० मेगाबाइटच्या संचाला या वेगाने अर्धा मिनिटसुद्धा लागत नाही व त्यानंतर पेनड्राइव्ह काढूनही घेता येतो. लहान लहान फाइली वारंवार लिहिण्यात फ्लॅश स्मृती फार मंद ठरते आणि झिजतेही.

अधिक त्रासदायक अडचण बिटसंख्येची आहे. एसूसच्या ‘टी१००’ (२०१३) सारख्या काही लहान यंत्रांत प्रक्रियक ६४ बिटांचा, पण यूईएफआय ३२ बिटांची आहे. यूईएफआय पेनड्राइव्हच्या फॅट विभागातील ठरावीक नावाची फाइल शोधते. पुष्कळ संचांत ही फाइल फक्त ६४ बिटांची असल्याने अशा यंत्राला निवडीच्या यादीत पेनड्राइव्ह दिसतच नाही. ३२ बिटांच्या यूईएफआयवरून ६४ बिटांचे कर्नेल सुरू करण्याची सोय लिनक्सच्या ३.१५ या आवृत्तीत (२०१४) झाली. त्यासाठी ३२ बिटांचा बूटलोडर पेनड्राइव्हवर असणे आवश्यक आहे.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला किमान ४ गीगाबाइट रॅम व ६४ गीगाबाइट डिस्क लागते. त्यामुळे ३२ गीगाबाइट डिस्कच्या असंख्य लहान लॅपटॉपना लिनक्स हाच व्यवहार्य आधार उरतो. तो ६४ बिटांच्या यंत्रांपुरता भक्कम आहे. पहिल्या पिढीतील नेटबुकांत सर्रास आढळणारा ‘ॲटम एन२७०’ हा प्रक्रियक ३२ बिटांचा असून ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियन १३ या संचात अशा यंत्रांसाठी कर्नेल व स्थापना-प्रतिमा देणे बंद करण्यात आले. त्यांच्यासाठी डेबियन १२ ही त्या संचाची शेवटची आवृत्ती होय.