खानदेशची जुनी राजधानी, जामनेरपासून हाकेच्या अंतरावर

शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी आली की जामनेरच्या घराघरांत चर्चा सुरू होते, यंदा कुठे? अजिंठा तर आपल्या उंबऱ्यातच आहे. पाहुणे आले की दाखवायला नेतो. महाबळेश्वरला जाण्यायेण्यातच दोन दिवस मोडतात आणि मनाली-शिमल्याला तीन दिवसांत काहीच होत नाही. या चर्चेत बुऱ्हाणपूरचं नाव फार कमी घरांत निघतं, आणि त्याची मला खरोखर खंत वाटते. दोनशे वर्षं ज्या गादीवरून खानदेशचा कारभार चालला, ते शहर बोदवड-मुक्ताईनगरच्या रस्त्याने सकाळी निघालं तर जेवणाच्या वेळेआधी गाठता येतं. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत ते मध्य प्रदेशात राहिलं आणि हळूहळू आपल्या मनाच्या नकाशावरूनही पुसलं गेलं.

फारुकी सुलतानांची पहिली गादी आपल्या शिरपूर तालुक्यातल्या थाळनेरला होती. त्या राज्याचा संस्थापक मलिक राजा, त्याचा मुलगा नसीर खान याने असीरगड घेतला आणि 1400 च्या सुमारास तापीच्या उत्तर काठावर नवं शहर वसवलं. खुलताबादला चिरनिद्रा घेत असलेले सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावाने ते बुऱ्हाणपूर, आणि त्यांचे शिष्य जैनुद्दीन यांच्या नावाने समोरच्या काठावरचं जैनाबाद. जागा निवडली ती मात्र राजकारण्याच्या नजरेने. उत्तरेतून दख्खनमध्ये यायचं तर सातपुड्यातली वाट असीरगडाखालून जाते आणि उतरते ती थेट इथे. युरोपात आल्प्समधल्या ब्रेनर घाटाच्या पायथ्याशी, इन नदीकाठी इन्सब्रुक वाढलं ते याच कारणाने. ज्याच्या हाती घाट, त्याच्या हाती व्यापार. इन्सब्रुक पाहायला आपल्याकडची माणसं लाखो रुपये मोजतात, म्हणून हे आवर्जून सांगितलं.

पहिल्या दिवशी घाई करू नका. वाटेत मुक्ताईनगरजवळ कोथळीला मुक्ताईचं जुनं मंदिर आहे आणि थोडी वाट वाकडी केली तर तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेव मंदिरही होतं. पुढे राज्याची हद्द ओलांडली की इच्छापूर, तिथे टेकडीवर इच्छादेवी. नवसाला खानदेशातली कितीतरी कुटुंबं इथे येतात आणि बरीचशी दर्शन करून तिथूनच माघारी फिरतात. तुम्ही पुढे जा.

दुपार कलल्यावर जामा मशिदीत जावं. नमाजाची वेळ टाळावी, चपला बाहेर काढाव्या, आत हळू बोलावं. कुणी अडवत नाही. राजा अलीखान फारुकी याने ती बांधली. काळसर दगड, दोन उंच मिनार आणि वर घुमट नाही. कमानींच्या ओळीमागून ओळी छत पेलतात. पश्चिमेच्या भिंतीत पंधरा मेहराबी आहेत आणि प्रत्येकीवरची नक्षी वेगळी. पण खरं पाहायचं ते इथला शिलालेख. अरबी मजकुराबरोबर त्याच भिंतीवर देवनागरीत संस्कृत लेख कोरलेला आहे. सृष्टिकर्त्याला नमन करून तो सुरू होतो, फारुकी घराण्याची वंशावळ सांगतो आणि बांधकामाचा काळ विक्रम संवत 1646, शके 1511 असा, तिथी-नक्षत्रासह देतो. इसवी सनाच्या हिशेबाने हे 1590 च्या आगेमागे येतं. मशिदीत पंचांग! अक्षरं उठावदार आहेत, थोडा वेळ उभं राहिलं तर शाळकरी पोरालाही काही शब्द लागतात. मुलांना तिथे उभं करून वाचायला लावा. पुस्तकातल्या दहा पानांनी जे समजत नाही ते त्या एका भिंतीसमोर समजतं. हाच राजा अलीखान पुढे 1597 मध्ये मोगलांच्या बाजूने अहमदनगरच्या फौजांशी लढताना गोदावरीकाठी पडला. आणि त्याच मशिदीत 1601 मध्ये अकबराने आपल्या विजयाचा लेख कोरून घेतला.

तो विजय म्हणजे असीरगडाचा. दुसरी सकाळ त्याच्यासाठी राखून ठेवा आणि ऊन चढायच्या आत गडावर पोचा. बुऱ्हाणपूरहून इंदूरच्या रस्त्याला वीसेक किलोमीटरवर गड आहे. मलयगड, कमरगड आणि सर्वांत वर असीरगड अशी तटबंदीची तीन अंगं. अकबराच्या फौजा कितीतरी महिने इथे अडकून पडल्या होत्या. गड हाती आला जानेवारी 1601 मध्ये आणि त्याबरोबर फारुकींचं राज्य संपलं. मुलगा दानियाल याच्या नावावरून अकबराने खानदेशाचं ‘दानदेश’ केलं, पण ते नाव लोकांच्या तोंडी बसलं नाही. गडावर मशीद आहे, तळी आहेत आणि एक शिवमंदिर आहे. तिथे रोज पहाटे अश्वत्थामा फूल वाहून जातो, अशी लोकांची श्रद्धा. तटावर उभं राहून एकदा दक्षिणेकडे पाहा. सातपुड्याची शेवटची रांग खाली उतरते, मग तापीचं सपाट खोरं आणि केळीच्या बागा पार आपल्या हद्दीपर्यंत.

गडावरून परतताना रेल्वे स्टेशनाच्या बाजूला, लालबागेजवळ कुंडी भंडारा आहे. माझं मत विचाराल तर बुऱ्हाणपूरला फक्त एकच गोष्ट पाहायची झाली तर ही पाहा. खान-ए-खानान अब्दुर्रहीम, म्हणजे दोहेकार रहीम, इथे सुभेदार असताना 1615 च्या सुमारास एका इराणी जाणकाराने ही पाणीयोजना आखली. सातपुड्याच्या उतारावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि भूगर्भातून तापीकडे सरकतो. हे सरकतं पाणी डोंगराच्या पायथ्यालाच जमिनीखाली अडवायचं आणि अगदी मंद उताराच्या बोगद्याने शहराकडे आणायचं, एवढीच ती युक्ती. बोगद्यावर ठरावीक अंतराने विहिरीसारख्या कुंड्या खोदल्या. त्यांतून हवा खेळते आणि गाळही काढता येतो. अशा शंभराहून जास्त कुंड्या आहेत. मोट नाही, रहाट नाही, वीज नाही; पाणी आपल्या वजनाने वाहत जातं. मूल भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण अशी इतर भंडाऱ्यांची नावं.

कुंडीत उतरायला लिफ्ट बसवलेली आहे. ती चालू आहे का, याची आधी चौकशी करून मगच मुलांना शब्द द्या. खाली गेलं की बाहेरच्या उन्हाचा मागमूस राहत नाही. घोट्याच्या वर स्वच्छ गार पाणी आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींवर क्षारांचा पांढरा जाड थर साचलेला. वर नजर टाकली तर कुंडीच्या तोंडाएवढं आभाळ. मलिक अंबरने औरंगाबादला केलेली नहर साधारण याच काळातली, याच जातकुळीची. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या आपल्या तालुक्यांतल्या प्रत्येक सरपंचाने, प्रत्येक पाणीपुरवठा अभियंत्याने एकदा तरी इथे खाली उतरावं, असं मला कळकळीने वाटतं. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी डोंगर कसा वाचला होता, ते पायाला पाणी लागल्यावर कळतं.

तिसरी सकाळ नदीकाठची. तापीच्या घाटावर शाही किल्ला उभा आहे. बराचसा पडला, पण हमामखाना टिकून आहे आणि त्याच्या छतावरची रंगीत वेलबुट्टी अजून दिसते. याच किल्ल्यात 17 जून 1631 रोजी, चौदाव्या बाळंतपणात मुमताज महल गेली. तिचं पहिलं दफन झालं ते पलीकडे जैनाबादच्या आहूखान्यात, म्हणजे मोगलांच्या हरणबागेत. सहा महिने ती तिथे होती, मग देह आग्र्याला नेला. ताजमहाल पाहायला जगभरातून माणसं येतात आणि आहूखान्याच्या पडक्या भिंतींशी दुपारभर कुणी फिरकत नाही. तिथे जरूर जा.

मराठी माणसाने आणखी एक ठिकाण चुकवू नये, मिर्झाराजे जयसिंगाची छत्री. 1665 मध्ये शिवाजी महाराजांशी पुरंदरचा तह करणारा हा सेनापती 1667 मध्ये याच शहरात वारला. शहराबाहेर तापी-मोहनेच्या संगमाजवळ त्याची खांबांची छत्री आहे. पुढे 1681 च्या सुरुवातीला संभाजी महाराजांच्या फौजांनी बुऱ्हाणपूरची पेठ लुटली आणि त्याच वर्षाअखेर औरंगजेब स्वतः दख्खनमध्ये उतरला तो याच शहरात. 1708 मध्ये गुरू गोविंदसिंग नांदेडला जाताना इथे थांबले होते. त्यांच्या स्मरणार्थ बडी संगत गुरुद्वारा आहे. दाऊदी बोहरांची दर्गाह-ए-हकीमी पांढरीशुभ्र, झाडांनी वेढलेली आणि कमालीची स्वच्छ. वेळ उरला तर खरबुजी घुमट गाठा. शहाजहानचा मुलगा शहाशुजा याच्या बेगमेची ही कबर बाहेरून खरबुजासारखी फाकीफाकींची आहे आणि आत भिंतभर रंगवलेली फुलं.

खाण्याबद्दल लिहिलं नाही तर अन्याय होईल. इथली मावा जिलबी आपल्या जिलबीसारखी पिवळी, कुरकुरीत नसते. खव्याच्या पिठाची, बोटाएवढ्या जाडीची, रंगाने गुलाबजामाच्या जवळची. कढईतून काढून पाकात मुरल्यावर गरम असतानाच खायची. दोन कडी पोटभर होतात. उलट्या कढईवर भाजलेले इथले भलेमोठे मांडे पाहिले की खापरावर पुरणपोळी करणाऱ्या आपल्या आयाबाया आठवतात. हातावर पीठ पसरवत नेण्याची लकब तीच. बाजारात दुकानदार हिंदीत सुरुवात करतो. तुम्ही मराठीत बोललात की बऱ्याचदा उत्तर मराठीतच मिळतं.

जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडच्यासारखंच तिथलं ऊन अंगाची लाही करतं आणि असीरगडाची चढण नकोशी होते. गाडी नसेल तर एस.टी.ने भुसावळ आणि तिथून खंडव्याकडे जाणारी रेल्वे. बुऱ्हाणपूर त्याच मार्गावर आहे. स्टेशन शहरापासून थोडं दूर, लालबागला, म्हणजे कुंडी भंडाऱ्याच्याच अंगाला. त्यामुळे रेल्वेने जाणाऱ्यांनी क्रम उलटा केला तरी चालेल, आधी पाणी पाहा, मग शहरात शिरा. परतताना घरच्यांसाठी जिलबी बांधून घेऊ नका, जामनेरला येईपर्यंत तिची चव जाते. तुपासाखरेत फेसलेला दराबा घ्या, तो टिकतो.