धाकट्या दीर्घिकांची साडेतीन दशके

गोंदिया जिल्ह्यातल्या इटियाडोह धरणावरून एप्रिलमध्ये रात्री अकराच्या सुमारास वर पाहिले, तर सप्तर्षींच्याही वर, जवळजवळ माथ्यावर श्यामशबल हा तारकासमूह येतो. त्यातली एनजीसी 4395 ही फिकट दीर्घिका नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ती सुमारे 1 कोटी 40 लाख प्रकाशवर्षे दूर आहे. कृष्णविवरांविषयीचा मोठा गैरसमज दूर व्हायला सुरुवात झाली ती हिच्यापासून.

मोठी कृष्णविवरे मोठ्या दीर्घिकांतच असतात, असे तेव्हा सर्रास मानले जाई. 1989 मध्ये फिलिपेंको आणि सार्जंट या खगोलशास्त्रज्ञांना या लहानशा दीर्घिकेच्या वर्णपटात रुंद पसरलेल्या रेषा आढळल्या. केंद्रात कृष्णविवराभोवती वायू प्रचंड वेगाने फिरत असल्याची ती खूण होती. तरीही कितीतरी वर्षे तिची गणना अपवादातच झाली.

2011 मध्ये खगोलशास्त्रज्ञ एमी राइन्स यांना हेनीझ 2-10 या बटू दीर्घिकेत रेडिओ लहरी आणि क्ष-किरण एकाच बिंदूतून येताना दिसले; ही कृष्णविवराची खूण होती. त्या खरे तर तिथल्या ताऱ्यांच्या जन्माचा अभ्यास करत होत्या. 2013 मध्ये स्लोन आकाश सर्वेक्षणातून अशा दीडशेच्या आसपास दीर्घिका पुढे आल्या आणि अपवाद म्हणण्याची सोय उरली नाही. 2025 मध्ये डेसी या आकाश सर्वेक्षणाने सुमारे 1 लाख 15 हजार बटू दीर्घिका तपासल्या. त्यांतल्या सुमारे 2 टक्के दीर्घिकांत सक्रिय विवराच्या खुणा मिळाल्या.

दरम्यान एनजीसी 4395 चे मोजमापही झाले. विवराजवळचा प्रकाश कमी-जास्त झाला की भोवतालचा वायू सुमारे 80 मिनिटांनी तसाच उजळतो किंवा मंदावतो, असे 2019 मध्ये आढळले. मोठ्या दीर्घिकांत याला कित्येक दिवस लागतात. त्यावरून विवराचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे दहा हजार पट निघाले. इतर पद्धतींनी ते काही लाखांपर्यंत जाते. आपल्या आकाशगंगेच्या विवराचे वस्तुमान चाळीस लाख सूर्यांहून अधिक आहे.

या शोधाचे मोल विवरांच्या उगमाचा माग काढण्यात आहे. मोठ्या दीर्घिकांनी शेजारणी गिळून आपला पूर्वेतिहास पुसला. धाकट्यांत तो बराच शाबूत आहे. विवरांची बीजे पहिल्या ताऱ्यांच्या अवशेषांतून आली असतील, तर ती बहुतेक बटू दीर्घिकांत सापडावीत. वायूचे प्रचंड ढग थेट कोसळून आली असतील, तर मोजक्याच दीर्घिकांत.

महाराष्ट्राकडे या कामाची साधने आहेत. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या, 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत. रेडिओ लहरींना धुळीचा अडसर नसतो. कमी वारंवारतेत तर विवराच्या जुन्या उद्रेकांचे अवशेषही टिपता येतात. 2015 मध्ये सोडलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरची बहुतेक क्ष-किरण उपकरणे मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत घडली.

आजवर मोजली ती मुख्यतः जागी, म्हणजे सक्रिय विवरे. निद्रिस्त विवरांची गणती झाल्याशिवाय बीजांचा निकाल लागणार नाही. त्यासाठी या धाकट्या दीर्घिकांना मोठ्यांइतकाच दुर्बिणींचा वेळ मिळायला हवा.