फोरके व्हिडिओ एडिट करताना अडकतो? नवीन कार्ड घेण्याआधी हे ऐका

(या भागाचं शब्दांकन. बोललेलं बहुतेक तसंच ठेवलंय, फक्त ‘बरं का’ थोडे कमी केलेत. घाईत असाल तर शेवटचा भाग आधी वाचा.)

०:०० प्रश्न काय आहे

वैभववाडीतून बोलतोय. मागे पत्र्यावरचा पाऊस ऐकू येत असेल तर सांभाळून घ्या.

आजचा विषय एका श्रोत्याच्या व्हॉइस मेसेजवरून घेतलाय. त्याने जत्रेतल्या दशावताराचं रात्रभर शूटिंग केलंय, दोन कॅमेऱ्यांवर, फोरकेमध्ये. आता घरच्या कॉम्प्युटरवर एडिट करायला बसला तर टाइमलाइनवर राजा तलवार उचलतो आणि तिथेच थिजतो. आवाज पुढे, चित्र मागे. मेसेजच्या शेवटी विचारतो, “दादा, ग्राफिक्स कार्ड हप्त्यार घेव काय?”

माझं उत्तर: थांब. निदान आज घेऊ नकोस. कारण पुष्कळ वेळा हा त्रास कॉम्प्युटर म्हातारा झाल्यामुळे होत नाही, फाइल ज्या पद्धतीने लिहिलेली असते त्यामुळे होतो. आणि त्यावरचा मुख्य उपाय फुकट आहे. हप्ता मात्र बारा-अठरा महिने फेडायचा असतो, आणि कार्ड आणूनही व्हिडिओ तसाच अडकला तर बोलायचं कोणाला?

आधी एक दिलासा. एडिट करताना प्रीव्ह्यू अडकतोय म्हणजे तुमचं शूटिंग खराब झालेलं नाही. एक्सपोर्ट करताना सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेम निवांत, हवा तेवढा वेळ घेऊन तयार करतं. त्यामुळे टाइमलाइनवर धक्के खाणारा व्हिडिओ एक्सपोर्टनंतर व्यवस्थित चालू शकतो. पण प्रीव्ह्यू नीट दिसत नसेल तर कट नेमका कुठे मारायचा ते कळत नाही, म्हणून तो सुधारायला हवाच.

१:४० एका मिनिटाचे ४५ जीबी

थोडा हिशोब करू. फोरके म्हणजे ३८४० बाय २१६०. एका फ्रेममध्ये ८२,९४,४०० पिक्सेल. फुल एचडीच्या बरोबर चौपट. प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट धरले तर पडद्यावर दाखवायची एक फ्रेम साधारण २५ एमबीची होते. सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे सुमारे ७५० एमबी. मिनिटाला ४५ जीबीच्या आसपास!

आता आयफोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये बघा. फोरके, ३० फ्रेम, ‘हाय एफिशियन्सी’, तर मिनिटाला साधारण १७० एमबी लागतात असं फोन स्वतःच सांगतो. म्हणजे अडीचशे पटीहून जास्त दाबून बसवलंय. हे दाबायचं काम करतो तो कोडेक. २००३ मध्ये आला एच २६४, आणि २०१३ मध्ये एच २६५, त्यालाच एचईव्हीसी म्हणतात.

तो दाबतो कसा? दशावताराचंच बघा. रंगमंचावर मागे एक पडदा आणि बसायला एक बाकडं. अर्धा तास झाला तरी दोन्ही जागच्या जागी. हलतो तो नट. मग कोडेक म्हणतो, पडदा आणि बाकडं दर फ्रेमला परत कशाला लिहू? तो एक फ्रेम पूर्ण लिहितो, तिला की-फ्रेम म्हणतात. पुढच्या फ्रेममध्ये फक्त फरक लिहितो: तलवार एवढी वर गेली, बाकी मागच्यासारखंच. काही कॅमेऱ्यांच्या फाइलमध्ये तर अशाही फ्रेम असतात, ज्यांना मागची आणि पुढची अशा दोन्ही फ्रेम आधी तयार लागतात. आपल्या कोकण रेल्वेच्या सिंगल लाइनवर क्रॉसिंगला गाडी थांबते ना, समोरची आल्याशिवाय हिला सिग्नल नाही, तसंच.

जागा वाचते, पण उलगडायचं काम वाढतं. समजा दर ३० फ्रेमनंतर एक की-फ्रेम आहे आणि तुम्ही कर्सर नेऊन ठेवला २९ व्या फ्रेमवर. ती दाखवायला कॉम्प्युटरला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. आणि आपण एडिट करताना काय करतो? कर्सर मागे-पुढे, मागे-पुढे. दर वेळी हाच उद्योग.

४:१० मग प्लेअरमध्ये कसा छान चालतो?

हा प्रश्न सगळे विचारतात. तीच फाइल व्हीएलसीमध्ये लोण्यासारखी चालते, मग एडिटरमध्येच काय होतं?

प्लेअरला एकच फाइल, एकाच दिशेने चालवायची असते. उशीर झाला तर तो दोन-चार फ्रेम गुपचूप गाळतो, आपल्याला कळतही नाही. एडिटरला दोन कॅमेरे एकत्र उलगडायचे असतात, वर रंगाचा इफेक्ट, वर नावाची पट्टी, आणि तुम्ही थांबवाल तिथे नेमकी तीच फ्रेम दाखवायची असते.

दुसरी गोष्ट, उलगडण्यासाठी प्रोसेसरमध्ये किंवा ग्राफिक्स चिपमध्ये एक वेगळा भाग असतो, हार्डवेअर डिकोडर. त्याला ठरावीक प्रकारच्याच फाइल कळतात. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये ८-बिट एचईव्हीसीची पूर्ण सोय सहाव्या पिढीपासून, म्हणजे २०१५ पासून आली. १०-बिटची आली सातव्या पिढीपासून. त्यापेक्षा जुना लॅपटॉप असेल तर सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो. सॉफ्टवेअर हा डिकोडर वापरतंय का, तेही सेटिंगमध्ये एकदा तपासा.

आता हप्त्यावर कार्ड घेणाऱ्यांनी नीट ऐका. मिररलेस कॅमेरे बऱ्याचदा ४:२:२, १०-बिट प्रकारात रेकॉर्ड करतात, रंगाची माहिती जास्त राहते म्हणून. एनव्हिडियाच्या कार्डांमध्ये या ४:२:२ फाइल हार्डवेअरने उलगडायची सोय आली २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेपासून. म्हणजे त्याआधीचं कितीही महागडं कार्ड घेतलंत तरी अशा फाइलचं उलगडणं त्या कार्डाच्या डिकोडरला जमत नाही. पैसे गेले, राजाची तलवार तिथेच!

६:०० आधी दुखणं शोधा

विंडोज असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सवर जा, एडिटरमध्ये व्हिडिओ चालू करा आणि आलेख बघा.

एक: एकही इफेक्ट नसलेली एकटी क्लिप चालवा. तरी अडकते आणि सीपीयू शंभराला टेकलाय? तर दुखणं उलगडण्याचं आहे. जीपीयूच्या पानावर ‘व्हिडिओ डिकोड’ नावाचा वेगळा आलेख असतो. तो शून्यावर झोपलेला असेल तर हार्डवेअर डिकोडर कामालाच लागलेला नाही.

दोन: नुसती क्लिप छान चालते, पण रंग किंवा नॉइज कमी करायचा इफेक्ट टाकला की अडकते? तर दुखणं इफेक्टचं. इथे ग्राफिक्स कार्डाचा खरा संबंध येतो.

तीन: डिस्क शंभर टक्के दाखवतेय? तर फाइल वाचायलाच वेळ लागतोय. पण मिनिटाला १७० एमबी म्हणजे सेकंदाला तीन एमबीसुद्धा नाही. जुनी हार्ड डिस्कही सलग वाचताना याच्या कितीतरी पट देते. त्यामुळे एका फोनच्या क्लिपसाठी डिस्कला दोष देण्याआधी विचार करा. हां, चार फाइल एकदम वाचताना हार्ड डिस्कची सुई इकडून तिकडे धावते, तेव्हा ती कमी पडते. आणि पेन ड्राइव्ह किंवा मेमरी कार्डवरून थेट एडिट करू नका. आधी कॉपी करा.

चार: पहिली दहा मिनिटं ठीक, मग अडकायला लागतो? तर लॅपटॉप तापतोय. तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. मे महिन्यात गादीवर लॅपटॉप ठेवून हवेची भोकं बुजवलीत तर तो तरी काय करणार! टेबलावर ठेवा, धूळ काढून घ्या, आणि चार्जर लावून काम करा. बॅटरीवर बरेच लॅपटॉप वेग आवरता घेतात.

८:०० खरा उपाय: प्रॉक्सी

घर बांधताना आपण काय करतो? खोली कुठे, दार कुठे, हे कागदावरच्या नकाशावर ठरवतो. प्रत्येक बदलाला जांभ्याचे चिरे उचलून इकडून तिकडे ठेवत नाही. प्रॉक्सी म्हणजे तो नकाशा. मूळ फोरके फाइलची एक लहान, उलगडायला सोपी प्रत. कट सगळे प्रतीवर करायचे, आणि एक्सपोर्टच्या वेळी सॉफ्टवेअर तेच कट मूळ फाइलवर लावतं. शेवटी निघतो तो पूर्ण फोरके.

दाविंची रिझॉल्व्हमध्ये मीडिया पूलमध्ये क्लिप निवडा, राइट क्लिक, ‘जनरेट प्रॉक्सी मीडिया’. प्रीमिअरमध्ये प्रोजेक्ट पॅनलमध्ये राइट क्लिक, ‘प्रॉक्सी’, मग ‘क्रिएट प्रॉक्सीज’. केडेनलाइव्ह आणि शॉटकट ही दोन्ही फुकट सॉफ्टवेअर आहेत, त्यांतही प्रॉक्सीची सोय आहे.

फॉरमॅट निवडायला सांगितलं तर प्रोरेस प्रॉक्सी किंवा डीएनएक्सएचआर एलबी घ्या. या प्रकारांत प्रत्येक फ्रेम स्वतःची पूर्ण असते, क्रॉसिंगसाठी थांबणं नाही. म्हणून कर्सर कुठेही न्या, लगेच दिसतं.

पण जागेचा हिशोब आधी करा, कारण इथे एक गंमत आहे. पाच तासांचं नाटक, दोन कॅमेरे, म्हणजे दहा तासांचं चित्रीकरण. फोनच्या एचईव्हीसीमध्ये ते साधारण १०० जीबी. त्याची फुल एचडी प्रोरेस प्रॉक्सी ताशी सुमारे २० जीबी, म्हणजे २०० जीबी. प्रत मूळ फाइलच्या दुप्पट! गोंधळू नका. कमी दाबलंय म्हणूनच ती उलगडायला हलकी आहे. जागा नसेल तर ७२० ची प्रॉक्सी करा, ताशी साधारण ९ जीबी लागतात. कट मारायला ती पुरते. काम संपलं की प्रॉक्सी उडवून टाका, मूळ फाइल मात्र जपा.

घरात छोटी एसएसडी आणि मोठी हार्ड डिस्क असं असेल तर प्रॉक्सी एसएसडीवर, मूळ फाइल हार्ड डिस्कवर. प्रॉक्सी तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून रात्री लावून झोपा. पावसाळ्यात लाईटचा भरवसा नाही, डेस्कटॉप असेल तर इन्व्हर्टरवर घ्या.

दोन सावधगिरी. फोकस आणि बारीक रंगकाम तपासताना प्रॉक्सी बंद करून मूळ चित्र बघा. आणि एक्सपोर्टच्या खिडकीत ‘प्रॉक्सी वापरा’ अशा अर्थाची खूण चुकून लागलेली नाही ना, हे पाहा. नाहीतर नकाशाच घर म्हणून द्याल.

१०:३० राहिलेल्या तीन गोष्टी

पहिली, प्रीव्ह्यूचं रेझोल्यूशन. प्रीमिअरमध्ये प्रीव्ह्यूखाली, रिझॉल्व्हमध्ये प्लेबॅक मेनूत, हाफ किंवा क्वार्टर करता येतं. सगळ्यात आधी हे करून बघा, दोन क्लिकचं काम आहे. पण याने मुख्यतः इफेक्टचा भार हलका होतो. एच २६५ उलगडायचं काम बहुतेक तेवढंच राहतं, म्हणून काहींना यातून फरक दिसत नाही.

दुसरी, इफेक्टचं दुखणं असेल तर रेंडर कॅश. रिझॉल्व्हमध्ये ‘स्मार्ट’ ठेवा. तुम्ही चहा प्याल तेवढ्यात ते जड भाग आधीच शिजवून ठेवतं.

तिसरी, फोनवाल्यांसाठी. फोन बऱ्याचदा फ्रेमचा वेग एकसारखा ठेवत नाही, उजेड कमी झाला की फ्रेम कमी करतो. एडिटरला हे झेपत नाही आणि आवाज हळूहळू सरकतो. पखवाजाची थाप आधी ऐकू येते, हात नंतर पडतो. नाटकात हे लगेच खुपतं. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या, ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडा, क्वालिटी चढी ठेवा, आणि त्या फाइलवर काम करा. हे प्रॉक्सीच्या आधी करायचं. आणि फोनमधलं एचडीआर व्हिडिओ गरज नसेल तर शूटिंगआधीच बंद करा, म्हणजे फाइल ८-बिट राहते आणि जुन्या लॅपटॉपलाही पेलते.

१२:०० मग पैसे कधी घालायचे?

प्रॉक्सी करूनही अडकतंय, आणि टास्क मॅनेजरमध्ये मेमरी भरलेली दिसतेय, तर आधी रॅम. आठ जीबीची सोळा करा. विंडोजच जुन्या हार्ड डिस्कवर असेल तर एसएसडी घ्या, सगळा कॉम्प्युटर सुधारतो. ग्राफिक्स कार्ड तेव्हा, जेव्हा तुम्ही रोज नॉइज काढणं, रंगकाम असली जड कामं करता, जीपीयूचा आलेख खरंच भरलेला दिसतो आणि त्या कामाचे पैसे येतात. तेव्हाही दुकानदाराला ‘किती जीबीचं’ एवढंच विचारू नका. ‘माझ्या कॅमेऱ्याची फाइल हे उलगडतं का’ ते विचारा, आणि जमलं तर स्वतःची एक क्लिप सोबत न्या.

तर क्रम लक्षात ठेवा: प्रीव्ह्यू क्वार्टर, मग टास्क मॅनेजर, मग प्रॉक्सी, मग कॅश. खिसा सगळ्यात शेवटी.

आज रात्री एकाच क्लिपची प्रॉक्सी करून बघा, दहा मिनिटांचं काम आहे. फरक पडला का नाही ते व्हॉइस मेसेज करून सांगा. कॅमेरा कुठला आणि प्रोसेसर कितव्या पिढीचा, तेही सांगा, म्हणजे नेमकं बोलता येईल. भेटू पुढच्या भागात. येवा!