दोन मोसमांचें एक वर्ष

सायंकाळीं शाळा सुटल्यावर मैदानावर बास्केटबॉल खेळणाऱ्या आपल्या मुलींकडे पाहत उभें राहिलें म्हणजे दिवसाचा शीण नाहींसा होतो. मध्यंतरीं त्यांच्यापैकीं एकीनें आम्हांस विचारलें, "सर, ज्या स्त्रिया पोटासाठीं हा खेळ खेळतात, त्या मोसम संपल्यावर उरलेले महिने काय करतात? स्वस्थ बसत असतील, नाहीं का?" प्रश्न साधा होता; परंतु त्याचें उत्तर साधें नाहीं. तें येथें थोडक्यांत देण्याचें आम्ही योजिलें आहे. कारण श्रम, वेतन आणि विसावा ह्या तीन गोष्टींचें नातें त्यांत फार स्पष्ट दिसून येतें.

बास्केटबॉल हा खेळ जन्मला तोच मुळीं एका ख्रिस्ती संस्थेंत. १८९१ सालच्या डिसेंबरांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें, वाय. एम. सी. ए. च्या प्रशिक्षण विद्यालयांत, जेम्स नेस्मिथ नांवाच्या शिक्षकानें तो प्रथम खेळविला. थंडीमुळें मुलांना बाहेर खेळतां येईना. म्हणून त्यानें व्यायामशाळेच्या सज्ज्याला पीच फळांच्या दोन टोपल्या लटकावल्या आणि तेरा नियम लिहून काढले. पुढच्याच वर्षीं जवळच्या स्मिथ कॉलेजांत सेंडा बेरेन्सन ह्या बाईंनीं तो मुलींना शिकविला. आपल्या देशांतही वाय. एम. सी. ए. नेंच त्याला हात दिला. १९२० सालीं हॅरी क्रो बक ह्यांनीं मद्रासेस जें शारीरिक शिक्षणाचें कॉलेज स्थापिलें, त्याचा ह्या कामीं मोठा उपयोग झाला.

मुली हा खेळ आरंभापासून खेळत आल्या, तरी त्यावर अमेरिकेंत त्यांचा चरितार्थ चालावा ह्यास शंभरांहून अधिक वर्षें लागलीं. आज तेथें जी प्रमुख संस्था आहे, ती विमेन्स नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन, १९९६ सालीं निघाली आणि १९९७ च्या उन्हाळ्यांत आठ संघांनिशीं तिचा पहिला मोसम झाला. २०२५ च्या मोसमांत तिचे तेरा संघ होते. मोसम मे महिन्यांत सुरू होतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरांत संपतो. उरलेले सहासात महिने मोकळे. कागदावर पाहिलें तर केवढी मोठी सुटी!

परंतु पगाराचे आंकडे पाहिले म्हणजे ही सुटी विरून जाते. २०१९ सालीं अत्यंत नामांकित खेळाडूलाही संघाकडून फार तर १,१७,५०० डॉलर वेतन मिळे. नवशिकीच्या हातीं चाळीस हजारांहून थोडे अधिक पडत. अमेरिकेंतील खर्च मोठा, आणि ह्या धंद्यांत उमेदीचीं वर्षें थोडीं. गुडघा साथ देतो तोंवर कमाई. पुढें काय, ही चिंता प्रत्येकीस असतेच. उलट रशिया, तुर्कस्थान, इटली, स्पेन, चीन इत्यादि देशांतील संघांचा मोसम साधारणतः ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत, म्हणजे नेमका ह्यांच्या सुटींत पडतो. तेथील कांहीं संघांचे आश्रयदाते मोठे धनिक अथवा मोठ्या कंपन्या असतात. त्यांची भिस्त तिकिटांच्या उत्पन्नावर नसते. ते आपल्या शहराच्या व कंपनीच्या नांवलौकिकासाठीं पैसा खर्च करतात. उरल पर्वताच्या पूर्वेस असलेल्या येकातेरिनबुर्ग शहरचा संघ तांब्याच्या धंद्यांतील एका मोठ्या खाण-कंपनीच्या आश्रयाखालीं होता.

ह्या संघाकडे डायाना तौरासी ही प्रख्यात खेळाडू हिवाळ्यांत खेळे. तेथें तिला वर्षाला सुमारें पंधरा लक्ष डॉलर मिळतात, असें वृत्तपत्रांत त्या वेळीं प्रसिद्ध झालें होतें. वर्षानुवर्षें बारमाही खेळून शरीर थकलें, तेव्हां २०१५ च्या उन्हाळ्यांत तिनें अमेरिकेंतील मोसमच सोडून दिला. आणि ह्या विश्रांतीबद्दल तिला पैसे दिले ते त्या रशियन संघानें! स्वदेशांतील विसावा परदेशच्या आश्रयदात्यानें विकत घेऊन द्यावा, ह्यावरून तराजूचें पारडें कोणीकडे झुकलें होतें हें उघड होतें.

अशा खेळाडूचें वर्ष कसें जातें? उन्हाळ्यांतला शेवटचा सामना संपतो, घरच्या माणसांची धांवती भेट होते आणि पुन्हां पेट्या भरल्या जातात. परक्या शहरांत संघ राहण्यास जागा देतो, बहुधा दुभाषाही देतो. दिवस सरावांत जातो. सामन्यासाठीं कधीं त्याच देशांत, कधीं सीमेपलीकडे प्रवास घडतो. रिकाम्या वेळीं मात्र भाषा न कळणारें शहर आणि चार भिंती. अमेरिकेंतील वाळवंटांत वसलेलें फीनिक्स व बर्फांत बुडालेलें येकातेरिनबुर्ग ह्यांच्या घड्याळांत बरोबर बारा तासांचें अंतर आहे. इकडे मुलगी न्याहारीस बसावी तों तिकडे आईची निजण्याची वेळ जवळ आलेली असते. नाताळचा सण पुष्कळदां ह्या परमुलुखांतच येतो.

कधीं कधीं नागरिकत्वाचाही प्रश्न उभा राहतो. परदेशी खेळाडू किती घ्यावे ह्यावर पुष्कळ ठिकाणीं मर्यादा असते. म्हणून कित्येकजणी दुसऱ्या देशाचें नागरिकत्व पत्करतात. बेकी हॅमन ही अमेरिकेंतील दक्षिण डकोटा प्रांताची कन्या. २००८ सालीं ती रशियाची नागरिक झाली व बीजिंग येथील ऑलिंपिक सामन्यांत रशियाकडून खेळली. मायदेशीं तिच्यावर कठोर टीका झाली. तथापि पोटाचा मार्ग ज्याला परदेशीं शोधावा लागतो, त्याच्या स्वदेशप्रीतीचें माप घेतांना आपण थोडें सावकाश बोलावें, असें आम्हांस वाटतें.

ह्या व्यवस्थेची सर्वांत मोठी किंमत शरीर देतें. ब्रिअना स्टुअर्ट ही २०१८ सालीं अमेरिकेंतील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरली व तिचा सिअ‍ॅटलचा संघ विजयी झाला. लगेच ती रशियांतील कुर्स्कच्या संघाकडे गेली. २०१९ च्या एप्रिलांत हंगेरींतील शोप्रोन गांवीं युरोपच्या अंतिम सामन्यांत तिच्या टाचेमागची जाड शीर तुटली आणि त्या वर्षींचा अमेरिकेंतील सबंध मोसम तिला मुकावा लागला. कष्टानें ती बरी झाली, २०२० सालीं पुन्हां विजयी झाली आणि पुन्हां रशियाच्या वाटेस लागली. इतकी ती ओढ बळकट होती.

दुसरा प्रसंग याहूनही दारुण आहे. फीनिक्सच्या संघांतील ब्रिटनी ग्रायनर ही कित्येक हिवाळे येकातेरिनबुर्ग येथें खेळत असे. १७ फेब्रुवारी २०२२ रोजीं मॉस्कोच्या विमानतळावर तिच्या सामानांत भांगेच्या जातीचें तेल असलेल्या नळ्या सांपडल्या. एका आठवड्यांतच रशियानें युक्रेनवर स्वारी केली आणि तिचें प्रकरण दोन राष्ट्रांच्या वैरांत गुंतलें. तिनें गुन्हा कबूल केला. मात्र तो हेतुपुरस्सर नव्हता असें सांगितलें. ४ ऑगस्ट रोजीं तिला नऊ वर्षांची शिक्षा झाली व मॉर्डोव्हिया प्रांतांतील श्रमछावणींत तिची रवानगी झाली. अखेर ८ डिसेंबर रोजीं अबू धाबी येथें एका रशियन कैद्याच्या बदल्यांत तिची सुटका झाली. परक्या देशांत पाऊल टाकणाऱ्यानें तेथील कायद्याविषयीं किती जपलें पाहिजे हें ह्यावरून शिकावें. परंतु घरीं पुरेसें मिळतें तर ती त्या विमानतळावर उतरली असती काय, हाही प्रश्न मनांत ठेवावा.

ही स्थिति हळूहळू पालटूं लागली आहे. २०२० सालच्या करारानें मोठ्यांत मोठें वेतन २,१५,००० डॉलरांवर गेलें. त्याच करारांतील नियमाप्रमाणें, परदेशांतून वेळेवर न परतणाऱ्या अनुभवी खेळाडूंस २०२३ पासून दंड व २०२४ पासून मोसमभर बंदी ठरविण्यांत आली. दंड बसविणें सोपें. घरीं काम निर्माण करणें अवघड. तें अवघड काम खुद्द खेळाडूंनींच अंगावर घेतलें. ज्या स्टुअर्टची टांच परदेशीं जायबंदी झाली होती, तिनें नफीसा कॉलियर हिच्यासह हिवाळ्यांतील एक नवी स्पर्धा काढली. 'अनरायव्हल्ड' नांवाची ही तीन तीन खेळाडूंची स्पर्धा २०२५ च्या जानेवारींत फ्लोरिडांतील मायामी येथें सुरू झाली. प्रथम वर्षीं छत्तीस खेळाडूंना तींत जागा मिळाली व त्यांना मालकींतही वांटा देण्यांत आला. कामाचे महिने ह्यामुळें संपले नाहींत. पण समुद्र ओलांडण्याची सक्ति कांहींजणींपुरती तरी टळली.

पवित्र शास्त्रांतील शब्बाथाची आज्ञा वाचतांना एक गोष्ट आपल्या ध्यानांतून निसटते. तीमध्यें विसावा केवळ घरधन्याला सांगितलेला नाहीं. चाकराला, दासीला, गुरांना आणि दारांतल्या परक्यालाही सांगितलेला आहे. म्हणजे विसावा ही ज्याला परवडते त्याची चैन नव्हे. जो काम घेतो त्यानें तो द्यावयाचा आहे. पुरेशा वेतनावांचून दिलेली सुटी ही नांवाचीच सुटी.

पालकहो, हा विचार दूरदेशापुरताच नाहीं. मैदानावरून दमून घरीं गेलेली आपली मुलगी कळशी उचलते, भाकऱ्या थापते, धाकट्यांना जेवूं घालते, आणि मग दिव्याखालीं पुस्तक उघडते. तिचा भाऊ तोंवर विसावा घेऊन ताजातवाना झालेला असतो. तिच्याही दिवसाला दोन मोसम आहेत. त्यांतील अर्धा भार भावानें उचलला, तर ती खेळेलही चांगली आणि शिकेलही चांगली. आणि आम्हांस प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीला आमचें उत्तर एवढेंच: नाहीं बाळ, त्या स्वस्थ बसत नाहींत, पण त्यांना स्वस्थ बसतां यावें, ही व्यवस्था करणें मोठ्या माणसांच्या हातीं आहे.